फोन घेणारीची तक्रार नाही

१

म्हातारी बसस्टॉपच्या बाकावर बसलेली सापडली. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस, पायांत कोऱ्या चपला आणि मांडीवर पडलेला फोन. भर दुपार होती. त्या मार्गावरच्या ड्रायव्हरने जाता-येता तिला विचारलं होतं, "आजी, यायचंय का?" तिने हसून मान हलवली होती. "मी जायला नाही आले, घ्यायला आलेय," असंही एकदा म्हणाली होती. पुढच्या फेरीला तिची मान हलली नाही, तेव्हा तो गाडी थांबवून खाली उतरला.

डॉक्टरांनी ऊन लागलं असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. बाक लोखंडी, वर छप्पर नाही, शेजारी एका जुन्या झाडाचा जमिनीसरसा कापलेला बुंधा. वसंतात रस्ता रुंद केला तेव्हा ते झाड गेलं. अशा जागी सत्तरी उलटलेली बाई सकाळपासून बसून राहिली, तर दुसरं काय होणार. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. उठून जायला तिला कोणी बंदी केली नव्हती.

हवालदाराने तिचा फोन उघडला आणि प्रकरण माझ्या टेबलावर आलं. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून तिच्या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जायचं. नंतर आवाज मोठा करून ती ते पुन्हा ऐकायची. शेवटचं बोलणं त्याच दुपारचं होतं.

"आई, बस वाटेत अडकलीय. घरी जाऊ नकोस हं. मी आलो आणि तू नसलीस, तर मी तसाच परत जाईन."

"नाही रे जात. बसलेय मी. तू ये सावकाश."

आवाज तिच्या मुलाचा होता. शेजाऱ्यांनी ओळखला, सुनेने ओळखला. मुलगा गेल्या हिवाळ्यात ट्रकखाली सापडून मेला होता.

२

फोनवरून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारी माझ्याकडे येतात. आमच्याकडे ज्याचं तोंड साहेबांना सोसत नाही, त्याला या टेबलावर बसवतात. मी इथे बरीच वर्षं आहे, यावरून काय ते समजा.

ज्या कायद्यावर हे टेबल उभं आहे तो फोनला वायर होती तेव्हाचा. 'जो कोणी इसम दूरध्वनी यंत्रावरून अश्लील वा धमकीचे शब्द उच्चारील, अथवा न बोलता वारंवार घंटी वाजवील' असं त्यात म्हटलंय. तो बदलायला एक समिती बसली आहे, आणि समिती बसली की बसतेच. तिचा मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थांना मी मसुदेवाले म्हणते. 'घंटी' या शब्दावर त्यांनी तीन बैठका काढल्या आहेत. त्यांना उदाहरणं लागतात, ती मी पुरवते.

म्हातारीच्या फोनमधली बोलणी उतरवून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचायला घेतलं.

"'आई, जेवलीस का? औषध घेतलंस का? खिडकी लावून झोप.' बाई, यात त्रास कुठाय? हे गुन्ह्यात धरायचं तर पहिली अटक माझ्या मातोश्रींना."

"ती मेली."

"उन्हाने मेली. उन्हाला कलम लागत नाही." ते बोलले आणि लगेच ओशाळले, तेवढं माणूसपण त्यांच्यात आहे. "असं बघा. इसम कुठाय? बोलतंय ते यंत्र. कोणीतरी अक्षरं टाइप करतो आणि यंत्र त्या मुलाच्या आवाजात म्हणून दाखवतं. मग उच्चारलं कोणी? आणि फोन घेणारीची तक्रार कुठाय?"

"तिने तक्रार केलीच नाही."

"का?"

"तिला फोन हवा होता."

मसुदेवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "टाइप करणारा हात मला दाखवा," ते म्हणाले. "त्या हाताभोवती मी कायदा बेततो. हवेभोवती मला बेतता येत नाही."

दर फोनला नंबर वेगळा, आणि सगळे भाड्याचे. आवाज तयार करणारी कंपनी समुद्रापलीकडे. तिला लिहिलं, तर उत्तर चार ओळींचं आलं. आवाजाचं खातं कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगू. ते कुठून, कोणी वापरलं हे सांगायला तुमचा कायदा आम्हाला भाग पाडत नाही, क्षमस्व. खाली नाव होतं. ते सुनेचं होतं.

३

सून हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे, सकाळी जाते ती रात्रीच घरी येते. चादरी, धुण्याची यंत्रं, वाफ. तिचे हात साबणाने कायमचे सुजलेले असतात. माझ्या समोरच्या खुर्चीत ती खाऊ चोरताना सापडलेल्या मुलासारखी बसली होती आणि शेजारी तिची मुलगी खुर्चीभोवती गोल गोल फिरत होती. मुलीला घरात भिंगरी म्हणतात. वय सात, पुढचे दोन दात गायब.

"मी नाही केलं, मॅडम," सून म्हणाली.

मी तिला कंपनीचं उत्तर दाखवलं. तिचा चेहरा पडला. भिंगरीला तिने बाहेर बाकावर बसवलं आणि परत आली.

"आवाज मी बनवून घेतला," ती म्हणाली. "यांचा एक मित्र आहे, साउंडवाला. त्याच्याकडे यांची खूप रेकॉर्डिंग होती. भिंगरीच्या वाढदिवसाला बाबाने दोन शब्द बोलावेत, एवढंच मनात होतं. पण तो आवाज पहिल्यांदा 'कशी आहेस' म्हणाला आणि मला ओकारी झाली. मी पुन्हा हात लावला नाही. लाजेने सांगितलं नाही कोणाला."

"कोणालाच?"

"साउंडवाल्याला माहीत होतं. आणि ताईंना पाठवलं होतं, पासवर्डसकट. म्हटलं, भावाचा आवाज आहे, त्यांना ऐकावासा वाटेल. त्या म्हणाल्या, असलं भलतंसलतं मला पाठवत जाऊ नकोस."

ताई म्हणजे तिची नणंद, म्हातारीची लेक. दुसऱ्या शहरात राहते.

"सासूबाईंशी पटायचं?"

"कामापुरतं. वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त हे असायचे, दुसरं कोणी दिसायचंच नाही." ती थांबली. "मॅडम, त्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्याबद्दल काही म्हणाल्यात का?"

"का?"

"उगाच. कळावं म्हणून."

मग खरं काय ते बाहेर आलं. नणंदेने कोर्टात अर्ज टाकला होता: माझ्या भावाच्या आवाजाचा खेळ करून या बाईने माझ्या आईला मारलं, हिच्या हाती सात वर्षांची पोर ठेवू नका. भिंगरी माझ्याकडे द्या.

"माझं नाव यातून निघालं नाही, तर पोर जाईल," सून म्हणाली. "बाकी माझ्याकडे आहे काय?"

मी तिला तिचा नंबर माझ्या फोनमध्ये घालायला सांगितलं. एका बोटाने, एकेक आकडा शोधत, ती केवढा तरी वेळ घालत बसली. सवयीने असेल किंवा सुजेने, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाहेर आले तर भिंगरी हवालदाराला सांगत होती, "माझे बाबा रोज संध्याकाळी आजीशी बोलायचे. माझ्याशीपण."

सुनेने ते ऐकलं. तिला हे माहीत नव्हतं, एवढं तिच्या तोंडाकडे बघून कोणालाही कळलं असतं.

४

साउंडवाल्याचा स्टुडिओ त्या बसस्टॉपच्या समोरच, पहिल्या मजल्यावर. जाहिराती, लिफ्टमधल्या सूचना, असलं काहीबाही तो रेकॉर्ड करतो. माणूस गोड बोलणारा. असल्या माणसांवर माझा पहिल्यापासून राग आहे.

"तुम्ही त्या खिडकीतून आजींना बघितलं असेल," मी म्हणाले.

"खिडकी मी बंदच ठेवतो, मॅडम. आत आवाज येतो. वसंतात ते झाड कापत होते तेव्हा आठवडाभर काम ठप्प. करवतीचा आवाज भिंतीतून यायचा. नगरपालिकेत जाऊन भांडून आलो."

"झाडासाठी?"

"छे, माझ्या आठवड्यासाठी."

बोटं त्याची भरभर चालायची. बोलता बोलता तो समोरच्या पडद्यावर कोणाला तरी उत्तरं लिहीत होता, न बघता. मी विचारलं, मित्राच्या बायकोला आवाज फुकट का बनवून दिलास? तो लालबुंद झाला. मग हळूहळू निघालं, की त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. विचारायला तो घरी गेला होता. म्हातारीने त्याला दारातच उभा केला आणि माझ्या मुलाची जागा रिकामी नाही असं सांगून दार लावलं.

"राग आला असेल."

"आला. खोटं कशाला बोलू? पण म्हातारीला उन्हात बसवून मला काय मिळणार होतं? त्यांची सून तुरुंगात गेली तर मी कोणाशी लग्न करू?" तो उठला, पुन्हा बसला. "माझं नाव निघालं का हो त्या बोलण्यात?"

"निघालं."

"काय म्हणाल्या?"

"ते छापण्यासारखं नाही," मी म्हणाले आणि निघाले. जिन्यावर असताना त्याने वरून हाक मारली.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी सकाळी ती मला फोन करत होती. सून. मी घेतला नाही."

कामावर असलेल्या बाईने त्याच सकाळी त्यालाच का फोन केला, हे मला त्या जिन्यात उभं राहून सुचेना. मी तिथूनच तिला लावला. म्हातारी घरचा फोन उचलत नाहीये, तू स्टुडिओत असशील तर जरा डोकावून ये, एवढं सांगायचं होतं, असं ती म्हणाली. खरंही असेल, रचलेलंही.

५

म्हातारीची लेक आईच्या घरात उतरली होती. टेबलावर लॅपटॉप, शेजारी पाण्याची बाटली, सगळं सरळ रेषेत. ती एका बँकेत गिऱ्हाइकांना उत्तरं देते. फोनवर नाही, लिहून. पलीकडच्याला पडद्यावर एक हसऱ्या मुलीचं चित्र आणि कसलंसं नाव दिसतं, पण तशी मुलगी नसते. तिच्या जागी ही असते.

"दिवसाला किती जण?" मी विचारलं.

"मोजत नाही. एका वेळी चौघं-पाचजण असतात. ओरडतात, शिव्या देतात. आपण गोड राहायचं." बोलतानाही तिची बोटं थांबली नाहीत. "माफ करा, हा एक तापलाय. हं, झालं."

"आईकडे शेवटचं कधी आला होतात?"

"भाऊ गेला तेव्हा. त्यानंतर आत्ता. फोन व्हायचे. डोळ्याचं ऑपरेशन झालं ते कळवलं होतं तिने, भिंगरीचे दात पडले तेही."

"सुनेनेच केलं असं का वाटतं?"

"खातं तिचं. आवाज तिने बनवला. आई नको होती तिला, घर मोकळं हवं होतं, म्हणजे त्या साउंडवाल्याला आणता आलं असतं." हे सगळं तिने गिऱ्हाइकाला समजावावं तसं शांतपणे सांगितलं. "भिंगरी माझी आहे. माझ्या भावाची आहे म्हणजे माझीच. तिला मी त्या बाईकडे ठेवणार नाही."

मी थोडा वेळ मुद्दाम गप्प बसले. आईच्या शेवटच्या बोलण्यांचा ढीग माझ्या पिशवीत होता आणि तिला ते ठाऊक होतं. तिने मला पाणी विचारलं, चहा विचारला, पत्ता बरोबर सापडला का ते विचारलं.

ठाण्यावर परतताना काहीतरी खुपत राहिलं. काय, ते खुर्चीत बसल्यावर कळलं, आणि मी कानाला यंत्र लावून सगळी बोलणी पहिल्यापासून ऐकायला घेतली.

६

टाइप करून बोलणाऱ्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. म्हातारी बोलते, मग जराशी शांतता, मग मुलाचा आवाज. ही शांतता फार थोडी होती, श्वासभर. भरभर बोटं चालणारा माणूस. एका बोटाने नंबर घालणारी सून इथेच बाजूला पडली, पण समोरचा वकील म्हणेल, तिने मुद्दाम हळू घातला. त्यावर मला तिचं नाव सोडवता आलं नसतं.

मग मी फक्त शांतता ऐकायला लागले, शब्द सोडून. सगळ्या सारख्या होत्या. पण अधूनमधून एखादी ताणलेली, इतकी की म्हातारी "हॅलो, हॅलो, आहेस ना रे?" करायची. त्या जागा मी पुन्हा लावल्या.

"ताई होय? तिचं काय विचारतोस? तिच्या काळजाला पाझर नाही. येते, रडल्यासारखं करते, जाते."

लांब शांतता. "असं नको म्हणूस, आई."

दुसरीकडे, कसलाही विषय नसताना: "न्यायचंच होतं तर तिला न्यायचं होतं. माणूस चुकलं बघ नेणाऱ्याचं."

इथली शांतता इतकी लांब होती, की मला वाटलं फोन तुटला. मग आवाज म्हणाला, "जेवून घे, आई. गार होईल."

सुनेबद्दल म्हातारी बरंच वाकडं बोलली होती. साउंडवाल्याचा तर उद्धार केला होता. तिथे उत्तरं श्वासाच्या आत येत होती.

आणि शेवटच्या दिवशीची सकाळ.

"स्टॉपवर आलीस का? झाडाखालच्या बाकावर बस. सावलीत."

"झाड कुठलं रे आता? कापलं की ते. तू नव्हतास तेव्हा. तुला कसं कळणार म्हणा."

लांब शांतता.

"बरं. बस तशीच. आलोच मी."

मेलेल्याला झाड कापलेलं कसं कळणार, म्हणून टाइप करणाऱ्याने न कळल्याचं सोंग घेतलं, असं कोणीही म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण हाच आवाज आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी आपणहून करत होता, भिंगरीच्या दातांची मस्करी करत होता. ती दोन्ही मुलगा मेल्यानंतरची. तिथे सोंग नव्हतं, मग झाडापाशीच का? आणि सोंग घेणाऱ्याचं पुढचं उत्तर तयार असतं, त्याची बोटं अडत नाहीत.

म्हणजे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. सून त्या स्टॉपवरून रोज कामाला जाते. साउंडवाला त्या झाडापायी नगरपालिकेत भांडून आला होता. ऑपरेशन ठाऊक आहे पण झाड गेलेलं ठाऊक नाही, असं माणूस कोण? जे लांब राहतं आणि फोनवर खुशाली ऐकतं. ऑपरेशन झालं की फोनवर सांगतात. कोपऱ्यावरचं झाड कापलं हे कोणी कोणाला फोन करून सांगत नाही.

आणि खुपत होतं ते हे: सुनेने विचारलं, सासूबाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या. साउंडवाल्याने विचारलं, माझं नाव निघालं का. पोटच्या लेकीने विचारलं नाही. तिला ते पाठ होतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ती भिंगरीचे कपडे बॅगेत भरत होती. कोर्टाचा निकाल अजून यायचा होता, पण तिला खात्री असावी. सून कामावर गेलेली. मी रेकॉर्डिंगमधला झाडाचा तुकडा लावला. तिने घड्या घालणं थांबवलं नाही.

मी माझं सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. झाल्यावर फ्रॉकची बाही सरळ केली आणि बोलली.

"पहिल्यांदा फक्त ऐकायचं होतं. मी समोर नसताना आई माझ्याबद्दल काय बोलते. भावाशिवाय दुसऱ्या कोणाला ती खरं सांगणार नव्हती. सांगितलं तिने."

"मग सोडायचं होतं."

"पुन्हा लावला. वाटायचं, आज तरी काही बरं बोलेल." तिने बॅगेची चेन ओढली. "शाळेतून आम्ही दोघं त्याच स्टॉपवर उतरायचो, वेगवेगळ्या वेळी. त्याची बस यायची तेव्हा आई उभी असायची, पाऊस असला तर छत्री घेऊन. माझ्या बसला ती शिवणावर बसलेली असायची. मी झाडाखाली बसून राहायचे. वाटायचं, आज येईल. अंधारून आलं की उठून जायचे. ती विचारायचीसुद्धा नाही, एवढा वेळ कुठे होतीस."

"म्हणून तिला मारलंत."

"बसवलं. एकदा तिने बसावं एवढंच होतं. सावलीत बसेल, कंटाळेल, घरी जाईल."

"सावली नाही हे तिने तुम्हाला सांगितलं."

या वेळी शांतता माझ्यासमोर होती, फोनमध्ये नव्हे. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं.

"सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हा म्हटलं, बघू त्याच्यासाठी किती वेळ बसते. मी दर थोड्या वेळाने विचारत होते, जातेस का घरी? नाही म्हणाली. ऊन लागतंय का? नाही म्हणाली. माझ्यासाठी ती उंबऱ्यापर्यंत आली नव्हती कधी."

मला तिची दया आली आणि त्याच वेळी तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच मी दाखवलं नाही.

"कोणतं कलम लावताय?" तिने विचारलं. "मी वाचलाय तुमचा कायदा. शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. ती पहिल्या घंटीला फोन घ्यायची. बोललं यंत्र. आवाज बनवला भावजयीने. त्यात मी कुठे बसते ते दाखवा."

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात दारात भिंगरी आली. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले.

"आत्या," तिने विचारलं, "आज बाबा कधी बोलणार?"

८

मसुदेवाल्यांनी दोन दिवस पुस्तकं चाळली. खून बसेना, कारण म्हातारी आपल्या पायांनी गेली आणि आपल्या मर्जीने बसली. त्रास बसेना, कारण फोन घेणारीची तक्रार नाही.

"नव्या मसुद्यात हे मी घालतो," ते म्हणाले. "मृताचा आवाज, यंत्र, टाइप करणारा, सगळं. झोप लागणार नाही मला नाहीतर."

"आणि ही?"

"नवा कायदा मागे जाऊन लागत नाही, बाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या हातात एकच गोष्ट होती ती मी केली. सुनेकडून अर्ज घेतला, खातं तिचंच होतं, आणि कंपनीला तो आवाज कायमचा पुसायला लावला. पुसल्याचं उत्तर आलं, तेव्हा मी सुनेला स्वतः सांगायला गेले. ती माझे हात धरून रडली. मला वाटलं, जिंकलो.

आजी गेल्यावरही आत्याने रोज संध्याकाळी भिंगरीला बाबाशी बोलू दिलं होतं. त्या संध्याकाळी बाबा बोलला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. मग आत्याने तिला खरं तेच सांगितलं: तुझ्या आईने पोलिसांकडे जाऊन बाबाला बंद केलं.

पोरीने आईच्या हातचं जेवणं सोडलं. आई जवळ आली की ती टेबलाखाली जाऊन बसायची. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तिला खेळणी दिली, गोड बोलल्या, पण ती एकच वाक्य धरून बसली. "मला आत्याकडे जायचंय. आई बाबाला बंद करते."

मी साक्षीला उभी राहिले. झाडाचं सांगितलं, शांततांचं सांगितलं. आत्याच्या वकिलाने उलटतपासणीत दोनच प्रश्न विचारले. माझ्या अशिलावर कोणता गुन्हा दाखल आहे? कोणताही नाही, मला म्हणावं लागलं. आवाज बनवून कोणी घेतला? सुनेने. तो खाली बसला.

न्यायाधीश वाईट नव्हते. मुलीची प्रकृती ढासळत होती आणि ते त्यांना दिसत होतं. या शाळेच्या वर्षापुरती मुलगी आत्याकडे, असं त्यांनी ठरवलं. सुट्टीत भेट. आणि आईचं मन राहावं म्हणून, दर रविवारी मुलीने आईला फोन करावा.

पहिल्या रविवारनंतर सून माझ्या टेबलाशी आली. बसली नाही. धुलाईखान्याचा कोट अंगावर तसाच होता. तिने फोन पुढे केला.

"काल आला होता. मी साठवलाय."

"बोलली का नीट?"

"छान बोलली. नवीन मैत्रीण मिळाली म्हणाली. जेवते म्हणाली. आई, मी तुझ्यावर रागावले नाही म्हणाली." ती टेबलाची कड धरून उभी होती. "मॅडम, ती भिंगरीच होती ना?"

मी यंत्र कानाला लावलं. पोर हसत होती, शाळेचं सांगत होती, दातांच्या फटीतून शब्द सुटत होते. मी शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. इतकी वर्षं या टेबलावर काढली, पण मला सांगता येईना.

"तीच आहे," मी म्हणाले.

सुनेने फोन परत घेतला आणि कामावर गेली.